एकच जोड, दोन कामे : ज्येष्ठांची दुचाकी आणि पायातील बूट

पादत्राणांविषयी गांभीर्याने बोलण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ‘पायीची वहाण पायीच बरी’ या म्हणीने वहाणेची जी पायरी ठरवून दिली, ती आपण आरोग्याच्या विचारातही कायम ठेवली आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतली जाते, चष्म्याचा नंबर वर्षा-दोन वर्षांनी तपासून होतो, कवळी सैल झाली तर लगेच दंतवैद्य गाठला जातो; परंतु घरातील वडीलधारी माणसे पायात काय घालून दुचाकीवर बसतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या अंकात त्याच विषयाचा विचार करू.

बजाजची ‘चेतक’ आणि कायनेटिकची ‘लूना’ ही दोन्ही वाहने १९७२ सालची. त्यांच्यावर ज्यांचे तारुण्य गेले, ती पिढी आज सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहे, आणि तिच्यातील कितीतरी जण अद्याप दुचाकी चालवतात. भाजी आणणे, पेन्शनसाठी बँकेत जाणे, नातवाला शिकवणीहून घेऊन येणे, मित्रमंडळींत बसून येणे ही सारी कामे ते कोणाच्या आधाराविना करतात. त्यांच्या दृष्टीने गाडीची किल्ली ही स्वावलंबनाची किल्ली असते. ती हातातून लवकर सुटू नये असे वाटत असेल, तर पायाकडे पाहणे अगत्याचे आहे.

हेल्मेटबाबत मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम आहे. पादत्राणांबाबत तशी सक्ती नाही. चप्पल घालून दुचाकी चालवल्यास दंड होतो ही अफवा असल्याचे केंद्रीय परिवहन मंत्र्यांच्या कार्यालयाने २०१९ साली स्पष्ट केले होते. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून रस्ता सूट देतो असे नाही. गाडी कलंडते तेव्हा सर्वांत आधी जमिनीवर येतो तो पाय, आणि त्या क्षणी पायात चप्पल असली तर ती बहुधा पायात राहत नाही.

दिवसाचा हिशेब

दुचाकीस्वारांसाठी बनवलेले बूट बाजारात अनेक प्रकारचे मिळतात. त्यांतील पोटरीपर्यंत येणारे, कडक कवचाचे बूट शर्यतीसाठी अथवा लांबच्या प्रवासासाठी असतात. संरक्षणाच्या दृष्टीने ते सर्वांत भक्कम खरे. म्हणूनच परगावी राहणारी मुले पुष्कळदा मोठ्या हौसेने तसा जोड वडिलांसाठी घेऊन येतात. पहिल्या आठवड्यात तो दोनदा वापरला जातो. नंतर त्याची रवानगी माळ्यावर होते आणि बाबा पुन्हा चपलेवर येतात.

यात हट्ट नसतो, हिशेब असतो. सकाळी बाहेर पडलेल्या ज्येष्ठ व्यक्तीचे प्रत्यक्ष गाडीवरचे काम वीस-पंचवीस मिनिटांचे. उरलेला वेळ मंडईत चालण्यात, बँकेच्या रांगेत उभे राहण्यात, जिने चढण्या-उतरण्यात जातो. त्यातच देऊळ, दवाखाना, स्नेह्याचे घर अशा प्रत्येक उंबरठ्यावर पादत्राण काढावे लागते. पाश्चात्त्य देशांत बूट सकाळी चढवला की तो संध्याकाळपर्यंत पायात राहू शकतो. आपल्याकडे तो दिवसातून सात-आठ वेळा निघतो. पाच मिनिटांच्या फेरीसाठी वेगळा बूट घालावा आणि परतल्यावर तो बदलावा, हा नियम पंचविशीतला तरुणही पाळत नाही. मग गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी तो पाळावा ही अपेक्षा व्यर्थ आहे.

म्हणून ज्येष्ठांसाठी बूट निवडताना सर्वांत भक्कम बूट कोणता, हा प्रश्न गौण ठरतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आनंदाने पायात राहील आणि गाडीवरही उपयोगी पडेल असा जोड कोणता, हे शोधायचे असते. माळ्यावरच्या उत्तम बुटापेक्षा पायातला मध्यम बूट अधिक संरक्षण देतो. मात्र रोजच्या सोयीसाठी तडजोड करताना चार गोष्टी सोडू नयेत : पुढून बंद असलेला पंजा, झाकलेला घोटा, टाचेला घट्ट धरून ठेवणारी मागची बाजू आणि ओल्या जमिनीवर पकड घेणारा सोल. घोट्यापर्यंत येणारा, साध्या दिसणाऱ्या चामड्याचा किंवा जाड कापडाचा बूट या चारही अटी पुऱ्या करू शकतो.

वयाबरोबर पाऊलही बदलते

मानवी पावलात सव्वीस हाडे असतात. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध वयानुसार सैलावतात, पावलाची कमान थोडी बसते आणि पाऊल रुंद व लांब होते. टाचेखालची आणि चवड्याखालची चरबीची नैसर्गिक गादी पातळ होते. परिणामी ज्याने वयाच्या चाळिशीत आठ नंबरचा बूट वापरला, त्याला सत्तरीत तोच नंबर चावू लागतो. तरीही दुकानात गेल्यावर आपण जुनाच नंबर सांगतो. दर खरेदीच्या वेळी उभे राहून, दोन्ही पावलांचे माप नव्याने घ्यावे. दोन्ही पावले सहसा तंतोतंत सारखी नसतात. मोठ्या पावलाच्या मापाने बूट घ्यावा.

पायांवर सूज येणे हीदेखील या वयातील नित्याची बाब. दिवसभर पाय खाली सोडून बसल्याने संध्याकाळी ती वाढते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनसारख्या औषधांनीही काहींचे घोटे सुजतात. त्यामुळे बूट सकाळी नव्हे, तर संध्याकाळी खरेदी करावा आणि सूज नवीन असेल किंवा एकाच पायाला असेल तर खरेदीआधी डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तींच्या पायातील संवेदना हळूहळू मंदावते. चालता चालता चप्पल पायातून निसटली आणि ते कळलेच नाही, असे कोणी सांगितले तर ती विसराळूपणाची नव्हे, मज्जातंतूंच्या आजाराची खूण असू शकते. या विषयाचा मोलाचा अभ्यास आपल्याच देशात झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ साली रुजू झालेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांचा अभ्यास केला. बोटे आजारामुळे आपोआप झडतात ही त्या काळची समजूत होती. वेदना न कळल्याने त्याच त्या जागी वारंवार पडणारा दाब आणि नकळत होणाऱ्या जखमा पावलाचा नाश करतात, हे त्यांनी दाखवून दिले. बधिर पावलांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एम.सी.आर.च्या, चपला आपल्याकडे रूढ झाल्या त्या याच विचारातून. मधुमेहींच्या पायांची आजची काळजीही याच धड्यावर उभी आहे. बधिर पायाला चावणारा बूट चावत नाही. तो केवळ जखम करतो.

गाडीवर पायाला काय सोसावे लागते

ज्येष्ठांच्या बाबतीत अपघात म्हटला की भरधाव वेग डोळ्यांसमोर आणण्याचे कारण नाही. गाडी थांबलेली असताना, सिग्नलला किंवा फाटकापाशी वळवताना, वाळूवर किंवा ओल्या पानांवर टेकवलेला पाय सरकतो आणि गाडी त्या बाजूला कलते. साधी गिअरविरहित स्कूटर शंभर किलोहून जड असते. साडेतीनशे सीसीची बुलेट जवळपास दोनशे किलोंची. हे वजन घोट्यावर आले तर हाड मोडते. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीला असे एक अस्थिभंग काही महिने अंथरुणाला खिळवू शकते. अशा वेळी घोटा झाकणारा बूट आणि दोन्ही बाजूंनी सहजासहजी न दबणारा सोल हे पायाचे खरे रक्षक ठरतात.

दुसरा धोका सायलेन्सरचा. उतरताना उघड्या पोटरीला किंवा घोट्याला चटका बसतो. संवेदना मंदावलेल्या पायाला तो उशिरा कळतो आणि मधुमेहात ती जखम चिघळते. तिसरा धोका नाडीचा. मोटारसायकलवर डाव्या पायाने गिअर आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक वापरावा लागतो. बुटाच्या नाडीचा सैल फास गिअरच्या दांडीत अडकला, तर थांबताना पाय वेळेवर जमिनीवर येत नाही. जुन्या बुलेटवर गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. ज्यांची सवय त्या गाडीवर घडली, त्यांनी तर कोणत्याही बाजूची नाडी मोकळी सोडू नये.

मोटारसायकल आणि गिअरविरहित स्कूटर यांच्या गरजा थोड्या भिन्न आहेत. स्कूटरवर दोन्ही ब्रेक हाताशी असतात आणि पाय सपाट फळीवर विसावतात. तिथे बुटाचा पंजा फार पातळ असण्याची गरज नाही. मोटारसायकलवर मात्र बुटाचे टोक गिअरच्या दांडीखाली सहज गेले पाहिजे. कारखान्यातून निवृत्त झालेले अनेक जण तेथील लोखंडी टोपीचे सुरक्षा बूट गाडीवर वापरतात. आयएस १५२९८ या भारतीय मानकाखालील सुरक्षा बुटांची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, हे खरे. परंतु वरून जड वस्तू पडली तर बोटे वाचावीत हा तिचा हेतू आहे. तिच्या उंचीमुळे बुटाचे टोक दांडीखाली अडते आणि तिच्या वजनाने चालताना पाय ओढला जातो. दोन्ही कामांसाठी एकच जोड हवा असेल, तर हा पर्याय योग्य नव्हे.

दुकानात काय पाहावे

दुचाकीस्वारांच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे आणि भारतात विकल्या जाणाऱ्या काही बुटांवरही त्याची खूण आढळते. बुटाच्या आतील पट्टीवर मोटारसायकलस्वाराचे लहान चित्र आणि त्याखाली चार अंक असतात. २०१७ च्या आवृत्तीनुसार हे अंक अनुक्रमे बुटाची उंची, घासले जाण्याला होणारा विरोध, कापले जाण्याला होणारा विरोध आणि बाजूने दाबले असता सोलने दाखवलेला ताठपणा यांची पातळी सांगतात. १ ही मान्य पातळी, २ ही अधिक संरक्षणाची. घोट्यापर्यंतच्या बुटाला उंचीसाठी १ हा अंक असणे स्वाभाविक आहे. रोजच्या वापरासाठी तेवढे पुरे. त्याशिवाय ‘आयपीए’ ही इंग्रजी अक्षरे असल्यास घोट्याला आघात शोषणारे अस्तर आहे, ‘डब्ल्यूआर’ असल्यास बूट पाण्याला अटकाव करतो आणि ‘एफओ’ असल्यास सोल इंधनतेलाने खराब होत नाही, असे समजावे.

अशी खूण नसलेला बूटही पारखता येतो. त्यासाठी पुढील परीक्षा हातानेच करता येतात.

पहिली परीक्षा टाचेची. बुटाची मागची बाजू अंगठ्याने दाबावी. ती आत पिचकता कामा नये.

दुसरी वाकण्याची. बूट दोन्ही हातांनी वाकवावा. तो जिथे बोटे सुरू होतात तिथेच वाकावा. मधोमध वाकणारा बूट पायरीवर आणि गाडीच्या पायटेकणीवर आधार देत नाही. मुळीच न वाकणारा बूट चालण्यास निरुपयोगी.

तिसरी पिळण्याची. ओले कापड पिळतो तसा बूट पिळून पाहावा. तो सहज पिळला गेला तर गाडीखाली पाय अडकल्यावर तो काय टिकाव धरणार, हे उघड आहे.

चौथी कागदाची. घरून निघताना कोऱ्या कागदावर उभे राहून पावलाची रूपरेषा काढून घ्यावी आणि दुकानात बुटाचा सोल तिच्यावर ठेवावा. रेषा सोलबाहेर येत असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, तो बूट अरुंद आहे.

सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांत अंगठ्याच्या रुंदीएवढे अंतर असावे. टाच अडीच सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. सोल फार जाड आणि मऊ नको. त्यावर पाऊल सुखावते, परंतु खालची जमीन जाणवत नाही आणि तोल सावरण्यास उशीर होतो. गाडीवरून जमिनीपर्यंत पाय पोहोचावा म्हणून जाड सोलचा बूट घेणे हाही चुकीचा उपाय आहे. पाय पुरत नसतील तर कमी उंचीच्या आसनाची गाडी घ्यावी.

वजन हा ज्येष्ठांच्या बाबतीत निर्णायक मुद्दा आहे. चालण्याचा साधा बूट साधारण तीनशे ग्रॅमचा असतो, तर दुचाकीचा घोट्यापर्यंतचा बूट सहाशे-सातशे ग्रॅमपर्यंत जातो. जड बुटाने दिवस उतरणीला लागताच पाऊल पुरेसे उचलले जात नाही आणि फरशीच्या कडेला टोक अडते. म्हणून दोन बूट सारखेच वाटत असतील, तर हलका निवडावा. शक्य असल्यास दुकानात दहा मिनिटे चालावे, एक जिना चढून उतरावा आणि बाहेर लावलेल्या स्वतःच्या गाडीवर बसून दोन्ही पाय टेकवून पाहावेत. घाईने घेतलेला बूट पायाशी जुळवून घेईल, या आशेवर राहू नये.

उंबरठ्यावरची कसोटी

दिवसातून सात-आठ वेळा बूट काढावा-घालावा लागतो, हे वर आलेच आहे. दारात एका पायावर उभे राहून, भिंतीला हात टेकून बूट ओढणे हा तोल जाण्याचा हमखास प्रसंग असतो. गाडीवर बसण्यापूर्वीच पडण्याची वेळ येऊ नये, यासाठी बुटाची बांधणी पाहावी.

आतल्या बाजूला चेन आणि समोर नाडी अशी दुहेरी रचना ज्येष्ठांना सोयीची पडते. नाडी एकदा पायाच्या मापाने बांधून तिची टोके आत खोचून ठेवावीत. रोजची ये-जा चेनमधून करावी. चेनवर चामड्याची झडप आणि टोकाशी वेल्क्रोची पट्टी असल्यास चालताना चेन उतरत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्यांनी चेनच्या कडीत सुतळीचा किंवा चामड्याचा मोठा फास ओवून घ्यावा. कोपऱ्यावरचे चर्मकार हे काम काही मिनिटांत करून देतात. बूट चढवण्याची लांब दांड्याची पट्टी दारामागे टांगून ठेवावी.

आणि दाराशी एक भक्कम, हाताचे दांडे असलेली खुर्ची ठेवावी. बुटावर काही हजार रुपये खर्च करणाऱ्या घरांत ही खुर्ची पुष्कळदा नसते. बसून बूट घालणे आणि बसूनच काढणे, एवढा एक नियम घरात रुजला तरी बरेच काही साधेल.

ज्यांना अधिक काळजी हवी

मधुमेह असलेल्यांनी बूट घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात फिरवून पाहावा. खडा, सुटलेली शिवण, दुमडलेले अस्तर आणि पावसाळ्यात आडोशाला आलेला विंचूसुद्धा हाताला कळेल, पायाला कदाचित कळणार नाही. मोजे फिक्या रंगाचे आणि सुती घालावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग चटकन दिसतो. नवा बूट पहिल्या दिवशी घरातच तासभर घालावा आणि काढल्यावर पाऊल नीट पाहावे. लाली अर्ध्या तासानंतरही गेली नाही, तर तो बूट त्या पायाचा नव्हे. पायावर आधीच जखम असेल, तर कोणताही नवा बूट डॉक्टरांना विचारल्याविना घालू नये.

कंपवाताने ज्यांची चाल घसटती झाली आहे, त्यांच्यासाठी फार पकडीचा रबरी सोल उलट अडथळा ठरतो. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होऊन शरीर पुढे झुकते. अशा व्यक्तींनी दुचाकी चालवण्याबाबतच वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि चालण्याच्या पादत्राणांची निवड भौतिकोपचार तज्ज्ञांच्या मदतीने करावी.

मागे बसणाऱ्या आजींचा विचार बहुधा कोणीच करत नाही. लुगडे किंवा साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या स्त्रीची चप्पल गतिरोधकावर निसटते आणि ती सावरण्यासाठी वाकताना तोल जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची सोय, पायटेकणी आणि वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण आवश्यक ठरवतो. जुन्या गाडीवर हे आवरण मोडलेले वा काढून टाकलेले असल्यास ते आधी बसवून घ्यावे. आजींना घोट्यापर्यंतचा बूट नकोसा वाटला, तर पुढून बंद आणि मागे पट्टा असलेला, पायात घट्ट बसणारा सँडल हा किमान पर्याय आहे. कोल्हापुरी चप्पल आपले वैभव खरे, पण तिचा चामडी तळ ओल्या पायटेकणीवर सरकतो. तिने गाडीवरून उतरल्यानंतरच शोभावे.

पावसाळा आणि निगा

भिजलेल्या बुटात दिवसभर पाय राहिला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या भेगांतून जंतुसंसर्ग शिरतो. बूट भिजल्यास आतली गादी बाहेर काढावी, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते दोन-तीनदा बदलावेत आणि बूट पंख्याखाली वाळवावा. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवल्यास चामडे तडकते आणि सोलचा डिंक सुटतो. पावसाळ्यापुरती जुनी जोडी बदलीला ठेवणे शहाणपणाचे.

माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बुटांबाबत एक सूचना. अनेक बुटांचे सोल पॉलियुरेथेनचे असतात. हवेतील ओलाव्याने हा पदार्थ आतून कमकुवत होतो आणि न वापरलेला, नवाकोरा दिसणारा सोल एखाद्या दिवशी चालताना तुकडे होऊन गळतो. असा जोड खाली काढल्यास सोल जोराने दाबून आणि वाकवून पाहावा; भुगा पडला किंवा चीर दिसली, तर त्याचा मोह सोडावा. रोजच्या बुटाच्याही सोलवरील नक्षी टाचेपाशी झिजून गुळगुळीत झाली की सोल बदलून घ्यावा. चपलेचा अंगठा तुटला की आपण लगेच दुरुस्त करतो, कारण त्याशिवाय चालता येत नाही. झिजलेला सोल मात्र चालू देतो आणि एका ओल्या दिवशी पाडतो.

बूट जिथे पुरा पडत नाही

शुश्रूषा करणाऱ्यांनी घरच्या घरी करण्याजोगी एक साधी तपासणी इंग्लंडमधील इप्स्विच येथील डॉक्टरांनी रूढ केली आहे. ज्येष्ठ व्यक्तीस डोळे मिटून आडवे होण्यास सांगावे. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या अशा सहा ठिकाणी आपल्या तर्जनीचे टोक एखाद-दोन सेकंद हळुवार टेकवावे. दाबू नये, चोळू नये, एकाच बोटाला पुन्हा स्पर्श करू नये. स्पर्श झाला की त्यांनी तसे सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पायाची संवेदना कमी झाल्याचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी.

ज्या पायाला न पाहता ब्रेक कुठे आहे हे समजत नाही, ज्याचे पाऊल उचलले जात नाही, त्याला कितीही महाग बूट घातला तरी तो पाय सुरक्षित होत नाही. ब्रेकचा पेडल असलेल्या मोटारसायकलऐवजी हाताच्या ब्रेकची स्कूटर, अंधार आणि पाऊस टाळून केलेल्या फेऱ्या, आणि पुढे केव्हातरी रिक्षा, असा तो प्रवास असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाच्या पंचावन्न वर्षांपुढे वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. नूतनीकरणाची ती तारीख केवळ कागद पुरे करण्यासाठी न वापरता डोळे, कान आणि पाय यांच्या खऱ्या तपासणीसाठी वापरावी.

हे बोलणे नाजूक असते. ‘आता तुमचे वय झाले, हे बूट घाला’ असे म्हटले की बूट माळ्यावर गेलाच म्हणून समजा. त्याऐवजी दोघांनी मिळून दुकानात जावे. रंग, धाटणी, नाडी की चेन हे त्यांना ठरवू द्यावे. आणि मुलाने किंवा सुनेने स्वतःसाठीही चपलेऐवजी बंद बूट घ्यावा. घरातील एकट्या वृद्धालाच लागू होणारा नियम शिक्षेसारखा वाटतो. सर्वांनी पाळलेला नियम घराची रीत बनतो.

सुरुवात आजच करता येईल. दाराशी काढून ठेवलेली पादत्राणे उलटी करून त्यांचे सोल पाहावेत, मागच्या पट्ट्या ओढून पाहाव्यात आणि जी जोडी गाडीवर वापरली जाते तिच्या टाचेवर अंगठा दाबून पाहावा. एवढ्याने नवा जोड आणायचा की नाही, याचे उत्तर मिळेल.